फर्नेसला ह्युमिडिफायर जोडताना: इंदूरच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्यात असतो तोवरच मला फोन सुरू होतात. कधी सुदामानगरातून, कधी लोकमान्यनगरातून. "काका, मुलाकडे अमेरिकेला चाललोय चार महिने. मागच्या वर्षी हिचा घोळणा फुटायचा रोज. मुलगा म्हणतो फर्नेसला काहीतरी जोडणार आहे. तुम्ही जोडलं होतंत ना?" जोडलं होतं. इंदूरच्या एका कापडगिरणीत ती बंद पडेपर्यंत मी ह्युमिडिफिकेशन प्लांटवर होतो. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवणं हेच आमचं काम. पुढे लेक मिनेसोटात गेली, तिच्या बेसमेंटमध्ये पाच-सहा हिवाळे काढले, आणि जुनं काम नव्या रूपात पुन्हा हातात आलं. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलं.

फर्नेस म्हणजे भट्टीच ना? ती घरात कशी?

भट्टी म्हटलं की आपल्याला सराफ्यातल्या खाऊगल्लीची कढई दिसते. तिकडची फर्नेस म्हणजे बेसमेंटमध्ये उभं केलेलं लोखंडी कपाट. आत गॅस जळतो, त्याच्या धुराला बाहेर जायला वेगळा रस्ता आणि घरातल्या हवेला वेगळा. दोन्हींच्या मध्ये पत्र्याची भिंत असते, तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. पंखा घरातली थंड हवा ओढतो ती रिटर्न बाजू, आणि तापवून डक्टमधून (हवेच्या पत्र्याच्या नळांतून) घरभर पाठवतो ती सप्लाय बाजू. कपाटाला लागून दोन्हीकडे पत्र्याची मोठी पेटी असते, तिचं नाव प्लेनम. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारं यंत्र, या पेटीवर बसतो. खुद्द फर्नेसच्या कपाटाला भोक पाडायचं नाही.

फर्नेस हवेतलं पाणी जाळून टाकते का?

नाही, पण सगळ्यांना तसंच वाटतं. पाणी मुळात नसतंच. उणे १८ अंशांच्या हवेत, ती काठोकाठ भरलेली असली तरी, घनमीटरमागे जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा दाराखिडक्यांच्या फटींतून घरात आली आणि २१ अंशांवर तापली की तिची ताकद १८ ग्रॅमची होते. भांडं अठरापट मोठं झालं, पाणी तेवढंच राहिलं. हिशेबाने आर्द्रता पाच-सहा टक्क्यांवर येते. आंघोळी, स्वयंपाक, माणसांचा श्वास यांमुळे ती थोडी सावरते, तरी कडाक्याच्या थंडीत पंधरा-वीसच्या पुढे जाताना मी फारशी पाहिली नाही.

मे महिन्यात दुपारी दोनला राजवाड्यावर उभं राहिलं की ओठांवर जो कोरडेपणा येतो, तोच हा, फक्त रजईत. सिंथेटिक साडीत कार्पेटवरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावा, ठिणगी डोळ्यांना दिसते. नातू मुद्दाम अंधार करून आजीला चालायला लावायचा.

मग हा कूलरच झाला की!

सख्खा भाऊच. उभं पॅड, त्यावर वरून ठिबकणारं पाणी, आणि पॅडमधून जाणारी हवा. आपल्या कूलरमध्ये घास असते (आम्ही इंदूरकर मराठी बोलतानाही तिला गवत म्हणत नाही) किंवा हल्ली मधाच्या पोळ्यासारखं कागदी पॅड. तिथे अॅल्युमिनियमच्या जाळीला चिकणमातीसारखा लेप दिलेलं पॅड असतं. ते हातात घेतलं तर खरखरीत लागतं, आणि वजन वहीएवढं.

फरक दोन. कूलर गरम हवेला गार करायला पाणी पितो. इथे हवा आधीच फर्नेसने तापवलेली असते, त्यामुळे ती थोडी निवली तरी घर थंड पडत नाही. आणि कूलरमध्ये पंप तेच पाणी फिरवतो, तर इथे पॅडवरून उतरलेलं पाणी थेट मोरीत जातं.

सगळ्यात जास्त घरांत दिसतो तो बायपास प्रकार. सप्लाय आणि रिटर्न या दोन पेट्यांच्या मध्ये साधारण ६ इंचांचा गोल पत्र्याचा नळ टाकतात. सप्लायकडे दाब जास्त, रिटर्नकडे कमी, म्हणून थोडी गरम हवा आपण होऊन या नळातून पॅडमधून वळसा घेते. वेगळा पंखा नाही, बिघडायला फारसं काही नाही. मला हाच आवडतो. दुसऱ्या प्रकारात ह्युमिडिफायरला स्वतःचा छोटा पंखा असतो. बायपासचा नळ टाकायला जागा नसेल तिथे तो बरा. तिसरा वाफेचा: विजेवर पाणी उकळून वाफ डक्टमध्ये सोडतो. भरपूर दमटपणा देतो, पण वीजही तशीच खातो आणि त्याची डबी बदलणं खिशाला लागतं.

जुन्या घरांत अजून एक सापडेल. पाण्याच्या ट्रेमध्ये फिरणारा स्पंजाचा ढोल. झाकण उघडून वास घ्या. साचलेलं पाणी, उबदार अंधार, वर स्पंज; आत काय वाढत असेल ते सांगायला नको. असला दिसला तर दुरुस्त करत बसू नका, काढून टाका.

खोलीत ठेवायचं छोटं यंत्र पुरत नाही का?

एका खोलीला पुरतं. रोज भरावं लागतं, रोज पुसावं लागतं. अल्ट्रासॉनिक (कंपनाने पाण्याचं धुकं करणारं) असेल आणि पाणी जड असेल तर टीव्हीवर, देवांवर पांढरी पूड बसते, कारण ते पाण्यासकट क्षारही हवेत उडवतं. पॅडवाल्यात क्षार पॅडवरच राहतात.

केवढा घ्यायचा?

खोक्यावर दिवसाला इतके गॅलन असं लिहिलेलं असतं. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. बायपासची नेहमीची मोठी मॉडेलं १७-१८ गॅलनची असतात आणि मध्यम घराला ती पुरून उरतात. पण तो आकडा फर्नेस अखंड चालली तर, असा असतो. घर जुनं आणि फटी जास्त असतील तर मोठं यंत्र घेण्याआधी फटी बुजवा. फर्नेसऐवजी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारं यंत्र) असेल तर मात्र विचार वेगळा: त्याची हवा गॅसच्या फर्नेसइतकी कढत नसते, त्यामुळे पॅडवरून पाणी कमी उडतं. तिथे गरम पाण्याची लाइन जोडतात किंवा वाफेचा प्रकार घेतात.

पेटीवर नेमका कुठे बसवायचा?

भोक आखायचा कागदी साचा यंत्रासोबत येतो. तो चिकटवायच्या आधी एक गोष्ट शोधा: एसीची कॉइल. बहुतेक घरांत ती फर्नेसच्या लगेच वर, सप्लायच्या पेटीतच लपलेली असते. तिथे कात्री चालवली आणि तांब्याची नळी कापली गेली तर एसीचा गॅस गेला आणि हजारोंचं काम निघालं. म्हणून एकतर कॉइलच्या बरंच वर बसवायचा, किंवा ह्युमिडिफायर रिटर्नच्या पेटीवर घेऊन सप्लायकडून फक्त नळ आणायचा. बायपासला दोन्ही चालतं.

खाली फर्नेसचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड येणार नाही हेही पाहायचं. थेंब कधी ना कधी पडतोच.

पाणसळ लावल्याशिवाय भोक कापू नका. यंत्र तिरकं बसलं तर वरच्या पन्हाळीतून पाणी एकाच बाजूने उतरतं आणि अर्धं पॅड कोरडं राहतं. गिरणीतही आम्ही नोझल तपासताना हेच बघायचो: ओल सगळीकडे सारखी आहे ना. पत्रा कापताना हातमोजे घाला. कापलेल्या कडेने माझ्या अंगठ्याची जी चीर निघाली ती त्या कोरड्या हवेत महिनाभर मिटली नाही. सांध्यांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते.

पाणी कुठून घ्यायचं?

जवळच्या नळाच्या लाइनमधून, पाव इंची नळीने. इथे एक शॉर्टकट फार चालतो: सॅडल व्हॉल्व्ह. पाइपावर शिकंजा बसवायचा, स्क्रू पिळला की सुई पाइपाला भोक पाडते. पाच मिनिटांत काम. लेकीच्या घरी आधीच्या मालकाच्या वेळचा असाच एक होता. एका जानेवारीत मी खाली गेलो तर भिंतीकडे ठेवलेली पोह्यांची पिशवी फुगून उशीएवढी झालेली. इंदूरहून बॅगेतून नेलेले सहा किलो पोहे! थेंब थेंब किती दिवस गळत होतं कोण जाणे. लेकीला फरशीची काळजी, माझी बायको मात्र पोह्यांसाठी हळहळत होती.

तेव्हा टी (पाइपाचा तीन तोंडांचा सांधा) टाका, त्याला स्वतंत्र बंद करायची तोटी ठेवा. एक दिवस जास्त गेला तरी चालेल. काही गावांत सॅडल व्हॉल्व्हला नियमानेही मनाई आहे.

पाणी थंड घ्या किंवा गरम. बायपासला साधारण दोन्ही चालतं, माहितीपत्रकात पाहा. गरम पाणी जास्त उडतं, पण गीझरचा गॅस लागतो. वाफेच्या यंत्राला आरओचं पाणी मात्र देऊ नका. इलेक्ट्रोडवाल्या प्रकारात वीज पाण्यातूनच वाहते, आणि क्षारच नसतील तर ते तापतच नाही.

एवढं पाणी मोरीत वाया जातं, ते बादलीत धरून पुन्हा वापरू का?

हा प्रश्न फक्त आपलीच माणसं विचारतात आणि मला त्याचं कौतुक आहे. एक दिवसाआड नर्मदेचं पाणी भरून ठेवणाऱ्या घरातून गेलेल्या माणसाला हे बघवत नाही. यंत्र चालू असताना मॉडेलप्रमाणे तासाला ३ ते ६ गॅलन पाणी जातं, म्हणजे ११ ते २३ लिटर, आणि त्यातलं बरंचसं उडत नाही, वाहूनच जातं. पण ते वाहणारं पाणीच पॅड धुतं. पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात. ते धुतले गेले नाहीत तर दोन महिन्यांत पॅड दगड होतं. एप्रिलच्या शेवटी आपल्या कूलरच्या कडांना जो पांढरा थर धरतो तोच.

कुंड्यांना, फरशी पुसायला धरलंत तर खुशाल धरा. लेकीच्या सासूबाईंनी धरलं होतं. बादली एकदा भरून वाहिली तेव्हा बंद झालं.

ड्रेनची नळी फरशीतल्या मोरीपर्यंत सतत उतारावर हवी, मध्ये कुठेही झोका नको. मोरी लांब असेल तर छोटा पंप लागतो.

वायरिंग किती अवघड आहे?

दोन तारांचं आहे, आणि तिथेच घात होतो.

पाण्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडणारी तोटी, २४ व्होल्टवर चालतो. पंखा चालू आणि गॅस पेटलेला असेल तेव्हाच तो उघडला पाहिजे, नाहीतर थंड डक्टमध्ये नुसतं पाणी वाहील. यासाठी बऱ्याच फर्नेसच्या बोर्डवर एच-यू-एम अशी अक्षरं असलेली पट्टी असते. मी पाहिलं, म्हटलं झालं काम, व्हॉल्व्हच्या बारीक तारा सरळ तिथे खोचल्या. फर्नेस पेटली, दोन सेकंदांत जळक्या वार्निशचा वास. त्या पट्टीवर १२० व्होल्ट होते. आयुष्यभर गिरणीत तीन फेजच्या मोटारी हाताळलेला माणूस मी, आणि मीटर लावून बघितलं नाही. जावई काही बोलले नाहीत, वर जाऊन चहा टाकला.

काही फर्नेसमध्ये तिथे २४ असतात, काहींमध्ये १२०. फर्नेसच्या दाराच्या आतून चिकटवलेला नकाशा वाचा आणि तरीही मीटर लावा. १२० असतील तर ते ह्युमिडिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला द्यायचे, आणि त्यातून निघालेले २४ व्होल्ट ह्युमिडिस्टॅटमधून (आर्द्रता बघून चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) व्हॉल्व्हला. पट्टीच नसेल तर करंट ओळखणारी रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) मिळते, ती पंख्याच्या तारेवर बसते. हल्लीचे स्मार्ट थर्मोस्टॅट ह्युमिडिफायर सांभाळू शकतात, पण ह्युमिडिफायरचा आणि फर्नेसचा ट्रान्सफॉर्मर एकमेकांत मिसळू देऊ नका. आणि दाराला हात लावायच्या आधी फर्नेसचा स्विच बंद. दुसऱ्यांदा मी केला होता.

ह्युमिडिस्टॅटचा काटा कितीवर ठेवायचा? ५० ठेवला तर बरं वाटेल ना?

बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे नीट वाचा. जोडणी एक दिवसाची असते; काटा मात्र पूर्ण हिवाळा हाताळायचा असतो आणि आपली माणसं तो नेहमी जास्त ठेवतात. कूलर फुल्लवर ठेवायची सवय झालेली असते.

किती दमटपणा ठेवायचा हे आपलं नाक ठरवत नाही, खिडकीची काच ठरवते. बाहेर जितकी थंडी जास्त तितकी काच आतून गार, आणि गार काचेवर वाफेचं पाणी होतं. म्हणून थंडी वाढली की काटा खाली आणायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. बाहेर उणे ७ असेल तर ३५ टक्के चालतात. उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५, उणे २३ ला २०, आणि उणे २९ ला फक्त १५. ह्युमिडिस्टॅटच्या चकतीवर बहुधा हेच आकडे छापलेले असतात, फक्त फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे आपल्याकडचं कोणी ते वाचत नाही.

माझ्या बायकोने वाचले नव्हते. पहिल्या हिवाळ्यात तिचे ओठ फुटले, तिने खाली जाऊन काटा ४५ वर नेला. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीला खालून बोटभर बर्फाची पट्टी, चौकटीचं लाकूड ओलं. उन्हाने बर्फ वितळला की पाणी चौकटीत, रात्री पुन्हा बर्फ. महिन्याभराने कोपऱ्यात काळे ठिपके आले, ती बुरशी. खिडकीवर निदान दिसतं तरी. भिंतीच्या आत हेच होत असेल तर कळतही नाही.

बाहेरचं तापमान बघून आपोआप काटा बदलणारे ह्युमिडिस्टॅट मिळतात, सेन्सर बाहेरच्या भिंतीवर बसतो. घरात हौशी हात जास्त असतील तर तोच घ्या. साधा घेतलात तर रिटर्नच्या डक्टवर, बायपासचा नळ येऊन मिळतो त्याच्या अलीकडे बसवा. पलीकडे बसवला तर तो घराची नाही, स्वतःच्याच ओल्या हवेची आर्द्रता मोजत बसेल.

ओठांना तूप लावा. खरंच.

गॅसचं बिल कमी येतं का?

विकणारे सांगतात येतं. दमट हवेत अंगावरचं पाणी हळू उडतं, त्यामुळे थोड्या कमी तापमानातही ऊब वाटते, हे बरोबर. पण पाणी उडवायला उष्णता लागते, लिटरमागे साधारण ०.६८ युनिट. दिवसाला ३० लिटर उडालं तर २० युनिटांची उष्णता कुठून तरी आलीच पाहिजे, आणि ती तुमच्याच गॅसमधून येते. थर्मोस्टॅट एक-दोन अंश खाली आणलात तर फिटंफाट होईल. बचतीसाठी हे यंत्र घेऊ नका.

तबला-तानपुरा नेलाय, त्यांना याचा उपयोग होईल?

माणसांपेक्षा त्यांना जास्त. कोरड्या हवेत तबल्याची शाई तडकते, पुडी ताणली जाऊन स्वर चढतो. तानपुऱ्याचा भोपळा तर एका रात्रीत चिरतो. गरम हवेच्या जाळीसमोर वाद्य ठेवू नका, मग घरात कितीही टक्के असोत. खोळीत ओलसर स्पंज घातलेली भोकांची डबी ठेवतात, तो उपाय चांगला आहे.

उन्हाळ्यात काय करायचं?

पाण्याची तोटी बंद, बायपासच्या नळातली झडप बंद. झडपेवर ऋतूंची नावं लिहिलेली असतात. ती उघडी राहिली तर एसीची गार हवा घरात न जाता वळसा घेऊन परत येते आणि कॉइलवर बर्फ धरू शकतो. घर नीट गार होत नाही म्हणून मेकॅनिक बोलावतात, तो ही झडप फिरवतो आणि पैसे घेऊन जातो.

पॅड कधी बदलायचं?

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला. पाणी फार जड असेल तर मध्ये एकदा. व्हिनेगरमध्ये बुडवून पांढरा थर निघतो, पण लेपही जातो आणि पाणी पसरण्याऐवजी सरळ खाली घसरतं. पैसे वाचवायला ही जागा नव्हे.

स्वतः करावं की माणूस बोलवावा?

पत्रा आणि नळ घरचा हौशी माणूस एका शनिवारात करतो. वायरिंगबद्दल शंका असेल तर तेवढ्यापुरता एचव्हीएसीवाला (तिकडचा फर्नेस-एसीचा मेकॅनिक) बोलवा. मुलगा भाड्याच्या घरात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. सियागंजाच्या बाजारातून इथलं स्वस्त सामान बांधून नेऊ नका. आपला व्होल्टेज वेगळा, नळीचे आटे वेगळे.

असं इंदूरच्या घरात बसवता येईल का?

कशाला? आपल्याकडे डक्टच नाहीत, आणि जानेवारीतल्या थंडीतही दारं उघडी असतात.

जोडला, पण चालतोय हे कसं कळणार? वर बसून काहीच दिसत नाही.

फर्नेस पेटल्यावर खाली जा. काटा वर फिरवा, व्हॉल्व्हचा टक् असा आवाज येईल. मग ड्रेनच्या नळीला बोट लावा, मिनिटा-दोन मिनिटांत पाणी लागलं पाहिजे. टक् येतो पण पाणी नाही, तर व्हॉल्व्हजवळची पितळी भोकाची चकती क्षाराने बुजलेली असते; ती सुईने टोकरू नका, भोक मोठं होतं, काढून धुवा.

आर्द्रता मोजायला दहा-पंधरा डॉलरचं यंत्र मिळतं, पण दोन शेजारी ठेवली की दोन वेगळे आकडे दाखवतात. मी गिरणीतली युक्ती वापरतो. दोन सारखे थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी, दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटं. खोली २१ अंशांवर असताना दोघांत १० अंशांचा फरक असेल तर आर्द्रता पंचविशीच्या आसपास, साडेआठचा असेल तर पस्तिशीच्या. चिंधी साबण न लावता धुतलेली हवी. लेकीकडे माझ्या जुन्या धोतराचा तुकडा अजून त्या कामासाठी खिळ्याला टांगलेला आहे.